पुण्यापर्यंतची सोबत

मुहूर्त काढणं कमलाकांत गुरुजींचं काम आणि तिकीट काढणं कुंदाचं, अशी त्या घरात वाटणी होती. मुहूर्त पंचांगात बोट फिरवलं की सापडतो. तिकिटाचं तसं नसतं, हे गुरुजींना इतक्या वर्षांच्या संसारात कोणी पटवू शकलं नव्हतं.

या खेपेला तिकीट आचलचं होतं. आचल त्यांची एकुलती एक लेक, सतरा वर्षांची, नुकतीच बारावी झालेली. पुण्याच्या एका संस्थेत जाऊन हवामानशास्त्र शिकायचं तिच्या मनानं घेतलं होतं. लेखी परीक्षा ती पास झाली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. संध्याकाळी अकोल्याहून गाडीत बसायचं, सकाळी पुण्यात उतरायचं आणि स्टेशनवरून थेट मुलाखतीला जायचं. उशीर झाला तर जागा दुसऱ्याला, हे संस्थेनं फोनवर दोनदा बजावलं होतं.

जुन्या शहरातल्या त्या घरात तिच्याबरोबर जायला मोकळं कोणी नव्हतं. गुरुजी नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावात भागवत सप्ताहाला बसलेले, व्यासपीठावरून मधेच कसे उठणार? सासूबाई, म्हणजे सत्यभामाबाई, खुब्याचं हाड मोडून उन्हाळ्यापासून खाटेवर. त्यांना कुशीवर वळवायलाही कुंदाच लागायची. दुसऱ्या कोणाचा हात लागला की त्या गल्ली जागी करत. कुंदानं पुण्याला जाणं ही बोलायचीसुद्धा गोष्ट नव्हती.

"मी जाते ना एकटी," आचल म्हणाली. "गाडीत बसायचं न् गाडीतून उतरायचं. त्यात काय आहे एवढं?"

कुंदालाही खरं तर तसंच वाटत होतं. तिनं गल्लीतल्या श्रावणच्या दुकानातून तिकीट काढूनही टाकलं. पक्कं तिकीट, महिला कोट्यातलं, खालचा बर्थ. अशा तिकिटाची लोक दृष्ट काढतात. पण रात्री गुरुजींचा फोन आला.

"एकटी? अवं, पोरीची जात आहे. कोणाची तरी सोबत पाह्य. आपल्या घरातून कोणती पोरगी बिनासोबतीची गेली आजवर?"

सोबत पाहणं हे आपल्याकडे स्थळ पाहण्यासारखंच असतं. चार ठिकाणी शब्द टाकावा लागतो आणि मग प्रत्येकात खोट निघते. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात सासूबाईंचं भांडं, असे कुंदाचे दोन दिवस गेले. शेजारणीचा पुतण्या त्याच गाडीनं जाणार होता, पण तो ऐन पंचविशीतला, म्हणून गुरुजींना चालेना. शाळेतल्या बाई जाणार होत्या, पण बसनं. एक नवरा-बायको अगदी नामी होते. ते आदल्याच दिवशी जाऊन बसले होते. कुंदाला जेवायची वासना राहिली नाही. तिसऱ्या दिवशी गुरुजींनीच विजयी आवाजात फोन केला. वलगावचे पंजाबराव त्याच दिवशी, त्याच गाडीनं अमरावतीहून बसणार होते.

"देव पावला म्हण! पंजाबरावांसारखा माणूस सोबत असल्यावर चिंता कायची?"

पंजाबराव म्हणजे गुरुजींच्या वडिलांपासूनचे यजमान. काळ्या मातीची चांगली शेती, दारात ट्रॅक्टर, आणि बोलायला उभे राहिले की गावाची सभा गप्प बसायची. आता ते सहा महिने वलगावला थोरल्याकडे राहत आणि सहा महिने पुण्याला धाकट्या विपुलकडे. कुंदानं त्यांना पाहून चार वर्षं तरी झाली असतील. थोरल्या सूनबाईला, रूपालीला, तिनं फोन लावला.

"काकू, तुमी लय मोठं काम केलं," रूपाली म्हणाली. "माह्या डोक्यावरचं ओझं उतरलं पाहा."

"अवं, ओझं तर माह्या डोक्यावरचं उतरलं," कुंदा म्हणाली. दोघीही हसल्या. दोघींनाही समोरची बाई फार भली वाटली.

घोडं एकाच ठिकाणी अडलं. पंजाबरावांचा डबा वेगळा होता. सोबत वेगळ्या डब्यात असून काय कामाची? तेव्हा कुंदानं ते सोन्यासारखं तिकीट रद्द केलं आणि पंजाबरावांच्या डब्यातलं तत्काळ काढायला श्रावणकडे जाऊन बसली. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागणं म्हणतात ते हेच. ओटीपी जायचा गुरुजींच्या मोबाइलवर आणि गुरुजी ऐन वेळी रुक्मिणी-स्वयंवर सांगत होते. शेवटी पेटीवाल्यानं हळूच मोबाइल उचलून ओटीपी वाचला, तेव्हा तिकीट झालं. वरचा बर्थ मिळाला, पण पंजाबरावांच्या समोरचाच. कुंदा घरी येऊन भिंतीला पाठ टेकून बसली, तोच सासूबाईंनी हाक मारली. ती उठली.

जाण्याच्या दिवशी शेजारणीला सासूबाईंपाशी बसवून मायलेकी स्टेशनवर आल्या. गाडी आली. कुंदा पोरीची बॅग घेऊन वर चढली, पंजाबरावांना पोरगी हातानं सोपवायची म्हणून.

पंजाबराव खिडकीशी बसले होते. पांढरं धोतर, टोपी, सगळं जागच्या जागी. फक्त एका पायात चप्पल होती आणि सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती. कुंदानं वाकून नमस्कार केला. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मग आचलकडे पाहून ते तोंडभर हसले.

"आली का वं सुभद्रे? यवतमाळ यायचं आहे का अजून?"

सुभद्रा त्यांची बायको, माहेर यवतमाळचं. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"तुमीच का याह्यच्या सोबतीच्या?" समोरच्या बाकावरच्या बाईनं सुटकेचा श्वास टाकला. "पोरगा अमरावतीले बसवून देऊन गेला, न् बडनेऱ्याले हे उतरून चालले होते. माह्या मालकानं धरून आणलं दारातून."

कुंदानं तिथंच उभ्या उभ्या रूपालीला फोन लावला.

"रूपाली, आबाजी वळखून नाही राह्यले मले!"

"हो ना काकू, होते त्यायचं तसं. पण जवळचं कोणी असलं की शांत राहते. आचल आहे ना आता. रात्रीतून एक-दोन डाव उठवून संडासात नेजो म्हणा, न् सकाळी हडपसरले विपुलच्या घरी पोचवून देजो. विपुलची सकाळची ड्युटी राहते, तो नाही येऊ शकत स्टेशनवर."

"सकाळी तिची मुलाखत आहे!"



"मले नव्हतं माहीत," रूपाली हळूच म्हणाली. "गुरुजी बोलले, सोबत पाहिजे. मले वाटलं, आबाजीसाठीच पाहून राह्यले."

"न् तू कावून नाही सांगितलं त्यायचं हे असं झालं म्हणून?"

"गुरुजीपुढं कसं सांगू, काकू? पंजाबरावाचं डोकं गेलं, असं घरच्या सुनेनं सांगावं का?" रूपालीचा आवाज फाटला. "दोन वर्षं झाली, ते इकडं असले की मी एक रात्र सलग झोपत नाही."

कुंदाला तिच्यावर रागावता येईना. रागावायला माणूस परकं असावं लागतं, आणि हा आवाज तर तिच्या स्वतःच्या घरातला होता.

तिनं वळून पाहिलं. आचल गुडघ्यांवर बसून सीटखालची दुसरी चप्पल म्हाताऱ्याच्या पायात घालत होती. मग तिनं सदऱ्याची बटणं सोडून नीट लावली आणि त्यांना टेकवून बसवायला एक हात काखेत, एक पाठीमागे घातला. अगदी कुंदा सासूबाईंना धरते तसा. हे पोरीला कोणी शिकवलं नव्हतं. घरात पाहून पाहून ते हाताला लागलं होतं.

"राहू दे आई," आचल म्हणाली. "मी नेते त्यायले. घरी सोडून मंग जाईन मुलाखतीले. थांबतील ते थोडंसं."

कोणी थांबत नाही, हे कुंदाला माहीत होतं. आज हा म्हातारा, उद्या आजी, परवा आणखी कोणी. पोरगी कामाची आहे म्हटलं की लोक कामं घेऊन रांगेत उभे राहतात. अशा रांगेपुढं आपण जन्म घालवला, त्याचं तिला कधी फार वाटलं नव्हतं. पण पोरीचे ते हात पाहून तिला ते सहन होईना.

तिनं पंजाबरावांची पिशवी खांद्याला लावली.

"चला आबाजी. उतरायचं आहे आपल्याले."

"आलं का यवतमाळ?"

"आलं, आलं. उठा."

"आई, तू काय करून राह्यली?" आचल घाबरून उभी राहिली. "घरी आजी आहे. न् बाबा काय म्हणतील? सोबत नाही—"

"बाबाचं मी पाहते. तू वर चढ, झोप, न् सकाळी उतरून सरळ तिथं जा. मधात कोणासाठी थांबू नोको."

"पण एकटी?"

"एकटीच. कोणी नको तुह्यासंगं."

आचलनं आईचा दंड घट्ट धरला आणि सोडला. समोरच्या बाईच्या मालकानं म्हाताऱ्याला उतरवायला हात दिला. दोघं फलाटावर टेकली न टेकली तोच गाडी हलली. आचल खिडकीशी येऊन हात हलवत राहिली, आणि डबा वळणाआड गेला.

फोन अजून चालूच होता. "रूपाली, आबाजी माह्याकडे आहेत," कुंदा म्हणाली. "उद्या कोणाले तरी पाठव घ्यायले. विपुललेही सांग. न् आजची रात्र तू झोप बाई." उत्तरादाखल रडणं ऐकू आलं, तेव्हा तिनं फोन बंद केला.

कंबर ठणकत होती. घरी सासूबाई हाका मारत असतील, शेजारीण कंटाळली असेल, आणि आता रात्रीतून एकाऐवजी दोघांना उठवायचं होतं. डोळे भरून आले तरी पुसायला हात मोकळा नव्हता, कारण पंजाबरावांनी तो घट्ट धरला होता. ते रिकाम्या रुळांकडे पाहत होते.

"गाडी गेली वं आपली."

"जाऊ द्या, आबाजी," कुंदा म्हणाली. "जिची होती तिले भेटली."