गाळलेलं वाक्य

खोटा शिक्षक ओळखायचा कसा, हे शांतवनरावांइतकं भोपाळच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. कारखान्यातली नोकरी संपली तरी रविवारचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा वर्ग, घेणं त्यांनी सोडलं नव्हतं. उपासना झाली, चहा झाला, की वर्ग भरायचा आणि गाडी फिरून तिथेच यायची. "जो देवाकडे मागत नाही, देवाला हुकूम सोडतो, तो कितीही गोड बोलो, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका!" लोक माना डोलवायचे. पहिल्या बाकावरची मनोरमा, त्यांची बायको, तर धडा पाठ असल्यासारखे ओठ हलवायची.

आणि आता तीच मनोरमा हबीबगंजच्या एका हॉलमध्ये जाऊन हात वर करून रडत होती. घ्या!

साखर आवरत नव्हती, पायाची जखम चिघळली होती, म्हणून शेजारणीने तिला तिथे नेलं. तिथे प्रार्थनेने आजार बरे करणाऱ्या उपदेशकाने, सगळे त्याला ब्रदर म्हणत, डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "सुई पर भरोसा मतलब प्रभु पर शक. और प्रार्थना में 'तेरी मर्ज़ी' मत लगाना, बहन. शक वहीं से घुसता है." त्या दिवसापासून इन्सुलिन फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यामागे पडून होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, असंच चाललं तर आधी पाय जाईल आणि मग जीव.

शांतवनरावांनी शास्त्र उघडून समजावलं. आरडाओरडा केला. हातापाया पडले. शेवटी एका सकाळी इंजेक्शन भरूनच तिच्यासमोर बसले.

"मनू, तो माणूस खोटा आहे गं. जन्मभर मी दुसरं काय शिकवलं?"

"शिकवलंत ना," ती शांतपणे म्हणाली. "अमेयच्या उशाशीही तुम्हीच प्रार्थना केलीत. आणि शेवटी म्हणालात, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. झालं की त्याच्या इच्छेप्रमाणे."

अमेय त्यांचा एकुलता एक. कॉलेजात असताना काविळीने गेला. त्या घरात जेवणाआधीची असो की प्रवासाची, प्रत्येक प्रार्थना त्याच वाक्याने संपायची. शांतवनरावांच्या वडिलांपासूनची ती रीत होती. त्या वाक्याचा मनोरमाने इतकी वर्षं मनात असा हिशोब मांडून ठेवला असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. 

"एकदा ब्रदरसारखी प्रार्थना करा," ती म्हणाली. "ते वाक्य न लावता. माझ्यासाठी. मग तुम्ही म्हणाल तसं करते."

ज्याच्या नावाने वर्गात बोटं मोडली, तेच आता स्वतःच्या तोंडाने करायचं होतं. पण समोर तिचा पाय होता आणि त्याची बोटं काळी पडू लागली होती. त्यांनी इंजेक्शन ताटलीत ठेवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"येशूच्या नावाने मी सांगतो, मनोरमा बरी झाली आहे. आजार गेला आहे." सवयीने ते वाक्य ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं. "आमेन."

मनोरमाने डोळे उघडले. अमेय गेल्यापासून तिचा चेहरा इतका निवांत त्यांनी पाहिला नव्हता. क्षणभर त्यांनाही बरं वाटलं.

"चल, दंड पुढे कर आता."

"आता कशाला?" ती हसली. "तुम्हीच म्हणालात ना, बरी झाले?"

"मनू, ते मी..."

पुढे काय बोलणार? देवाच्या नावाने खोटं बोललो, असं? तिने कधी त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. ताटलीतलं इंजेक्शन उचलून ती लंगडत बेसिनपाशी गेली आणि ते रिकामं करून आली.

"खरं सांगू? ब्रदरचं ऐकूनही मनात धाकधूक होती," ती त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली. "आता नाही. तुम्ही थोडंच खोटं सांगाल?"