करवलीची हजेरी

देवयानीच्या लग्नात चित्राला फार काही नको होतं. फोटोत आपली झोप झालेली दिसावी, एवढंच.

याचं मूळ होतं अनिमेषच्या लग्नाच्या अल्बममध्ये. अनिमेष तिचा मामेभाऊ. त्याच्या लग्नात चित्रा करवली होती. करवली म्हणजे नारळ ठेवलेला पाण्याचा करा हातात धरून दिवसभर नवऱ्यामागे नाहीतर नवरीमागे उभी राहणारी बहीण. बसायचं नाही, हलायचं नाही आणि एकाही फोटोतून सुटायचं नाही. झालं असं, की चित्रा ऑफिसातून थेट मांडवात आली होती. डोळ्यांखाली काळं, तोंडावर उद्याच्या फायली. अल्बमचं कुठलंही पान उघडा, पुढे नवरानवरी हसतायत आणि मागे ही.

तिची आई शारदाबाई रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहायच्या. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा तो अल्बम बघायचा आणि बोट ठेवायचा. "ही मागची कोण? आजारी होती काय?"

"चित्रा आमची," शारदाबाई म्हणायच्या. "तिले ताप होता त्या दिवशी. एकशे एक."

ताप वगैरे काही नव्हता. पण पाहुणे वाढले तसा तोही वाढत गेला, आणि दिवाळीपर्यंत एकशे चारवर जाऊन पोचला.

आता लग्न सख्ख्या धाकट्या बहिणीचं. पार्लरवाल्या दीदीच्या पॅकेजमध्ये नवरी आणि सोबत दोन जणी होत्या. त्या दोन जागा नवरदेवाची आई आणि त्याची पुण्याची मावशी यांना मानाने गेल्या.

"ताई, तुम क्या करोगी?" देवयानीनं विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं.

"मी माझं करीन."

"ताई, प्लीज. ऑफिसवाला मुंह लेके मत आना."

झालं. चित्रा तीन आठवडे रोज सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजत आरशापुढे बसायला लागली. मोबाइलमधली पोरगी म्हणायची, हलक्या हातानं लावा. चित्राचा हात अठरा वर्षं सरकारी शिक्के मारून तयार झालेला. गाल आत गेल्यासारखे दिसावेत म्हणून ती पोरगी तपकिरी पट्टा ओढायची. चित्रानं ओढला तेव्हा तिचा नवरा नरेंद्र चहाचा कप घेऊन दारात थबकला.

"कोनं मारलं तुले?"

"मेकअप आहे तो."

"पुसून टाक. शेजारचे माह्यावर शंका घेतील."

नवव्या दिवशी खोट्या पापणीची एक जोडी फुटली. डावी डोळ्यावर, उजवी गायब. ती संध्याकाळी वरणात सापडली आणि नरेंद्रनं किडा समजून बाहेर काढून चपलेनं मारली. चौदाव्या दिवशी कपाळ पांढरं आणि मान मूळ रंगाची राहिली, तशीच ती भाजी आणायला गेली. भाजीवाल्या बाईनं दोन मिरच्या जास्त टाकून विचारलं, "नाटक हे का, दीदी?"

विसाव्या दिवशी मात्र जमलं. चित्रा आरशात बघतच राहिली. आरशात एक बाई होती. ती रात्री दहाला झोपत असावी, आणि तिला कोणी उठवतही नसावं.

आता उरली सुट्टी. विधानसभेचं अधिवेशन चालू, म्हणून सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. ऑफिस नवा रायपुरात, घरापासून पंचवीस किलोमीटर. मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा, इकडे शहरात, बूढापाऱ्यातल्या मंगल भवनात. चित्रा साहेबांपुढे उभी राहिली. दयाराम साहेब भला माणूस. फक्त सही सोडून सगळं द्यायचा.

"बहन की शादी है? हव, जाओ ना! मैं कुछ नहीं देखूंगा," ते म्हणाले. "बस सवेरे आके चेहरा लगा देना. और शाम को साढ़े पांच बजे एक बार और. चेहरा सीधा ऊपर तक जाता है, उसमें मैं कुछ नहीं कर सकता."

चेहरा लावणं म्हणजे हजेरी. पूर्वी रजिस्टर होतं, मग अंगठा आला, आता मोबाइल तोंडासमोर धरायचा. पण ऑफिसच्या आवारातच, घरून चालत नाही. ॲप नोंदवलेल्या फोटोशी तोंड ताडून बघतं, डोळे मिचकवायला लावतं आणि मग म्हणतं, उपस्थिति दर्ज. पाच वेळा चुकलं की दहा मिनिटं कुलूप. दहा वाजून दहा मिनिटांनंतर अर्धा दिवस गेला, आणि अधिवेशनात अर्धा दिवस गेला की नोटीस येते.

चित्रानं हिशेब बसवला. पहाटे चारला उठायचं, साडेसातपर्यंत मेकअप, साडेआठपर्यंत साडी, नऊ चाळीसला ऑफिस, चेहरा लावून परत. अकराला मांडवात.

हे सगळं अगदी तसंच घडलं. मेकअप तर विसाव्या दिवसापेक्षाही सरस झाला. जांभळी पैठणी, नाकात नथ, खोट्या पापण्या दोन्ही जागेवर. नरेंद्रनं गाडीचं दार उघडून दिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, हे पहिल्यांदाच. गाडीचा एसी गेल्या उन्हाळ्यापासून बंद होता म्हणून पंचवीस किलोमीटर तो एका हातानं चालवत होता आणि दुसऱ्या हातानं तिच्या तोंडावर पेपर हलवत होता.

"घाम नको येऊ देऊ," तो म्हणाला.

"तुम्ही समोर पाहा ना."

"समोर काय आहे पाहासारखं? रस्ताच तर आहे."

अकरा वर्षांत हेही पहिल्यांदाच. चित्रानं खिडकीकडे तोंड केलं. रंग बिघडू नये म्हणून ती हसलीसुद्धा नाही.

नऊ चाळीसला ती ऑफिसच्या पोर्चमध्ये उभी राहिली आणि मोबाइल तोंडासमोर धरला.

चेहरा मेल नहीं खा रहा.

नथ असेल. नथ काढली. चेहरा मेल नहीं खा रहा. पदर सारखा केला, उजेडात आली, सावलीत गेली. पाच वेळा झालं, कुलूप लागलं.

शेजारच्या टेबलाची चेतना धावत आली. "हाय दीदी! पहचान में नहीं आ रहीं!"

"तेच तर झालंय ना," चित्रा म्हणाली.

"रजिस्ट्रेशनवाला फोटो कौन सा है?"

चित्राला आठवलं. तो फोटो गेल्या अधिवेशनातला. विधानसभेतल्या प्रश्नांची उत्तरं सलग तीन दिवस टाइप करून झाली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक माणूस लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, मॅडम, इधर देखिए. सरकारकडे चित्रा म्हणून जी बाई नोंदवलेली होती, ती ही.

"लिपस्टिक पोंछो," चेतना म्हणाली.

दहा मिनिटांनी कुलूप उघडलं तेव्हा नऊ बावन्न झाले होते. लिपस्टिक गेली. नाही जुळला. उजवी पापणी काढली, मग डावी. नाही. गालांवरचा पट्टा पदराच्या टोकानं पुसला, पदर खराब झाला, चेहरा काही जुळला नाही. आता दोनच वेळा उरल्या होत्या.

सिक्युरिटीवाला रामकृष्ण खुर्ची सोडून जवळ आला होता. दोन वर्षं तो रोज सकाळी तिला आत सोडत होता. तो लांबून एक डोळा बारीक करून बघत होता, भिंतीवर टांगलेली फोटोफ्रेम तिरकी आहे का बघतात तसा.

"मैडम, पूरा धोना पड़ेगा," तो म्हणाला.

चित्रा बेसिनपुढे उभी राहिली. आरशात अजून ती झोप झालेली बाई थोडीशी शिल्लक होती. साडेतीन तास लागले होते तिला बनवायला, आणि त्याआधी वीस सकाळी. चित्रानं नळ सोडला. हिरवा हँडवॉश तोंडाला लावला आणि खसाखसा घासलं. काजळ उतरलं, ते ब्लाऊजच्या बाहीवर जाऊन बसलं. पुसायला टॉवेल नव्हता. चेतनानं जुन्या नोटशीटचे कागद दिले.

दहा वाजून चार. चित्रा पोर्चमध्ये आली, मोबाइल धरला.

चेहरा मेल नहीं खा रहा.

"अब तो मैं ही हूं!" ती मोबाइलवर ओरडली. गाडीजवळ उभा असलेला नरेंद्र घाबरून पुढे आला.

"मैडम," रामकृष्ण हळूच म्हणाला, "बुरा मत मानना. आप रोज इतनी आंख नहीं खोलतीं."

"म्हणजे?"

"मतलब रोज ऐसे रहता है." त्यानं करून दाखवलं. खांदे पाडले, पापण्या अर्ध्यावर आणल्या, ओठांची दोन्ही टोकं खाली सोडली. ते इतकं हुबेहूब होतं की चेतना पटकन दुसरीकडे बघायला लागली आणि नरेंद्र नकळत म्हणाला, "हो, बरोबर."

चित्रानं नवऱ्याकडे बघितलं. मग हातातल्या ओल्या नोटशीटकडे, त्यावर लागलेल्या गुलाबी, तपकिरी, सोनेरी रंगाकडे. तीन आठवड्यांची झोप एकदम मानेवर येऊन बसली. तिला काही करून दाखवावं लागलं नाही. खांदे आपोआप पडले. तिनं मोबाइल वर केला. पापण्या अर्ध्यावर आल्या, मिटल्या, उघडल्या.

उपस्थिति दर्ज. आपका दिन शुभ हो.

दहा वाजून आठ मिनिटं झाली होती.

निघताना चेतनानं गाडीच्या खिडकीतून काजळाची पेन्सिल दिली. चित्रानं ती डोळ्यापर्यंत नेली आणि थांबली.

"काहून थांबली?" नरेंद्रनं विचारलं. "लाव ना."

"संध्याकाळी साडेपाचला परत यायचं आहे."

पेपर नरेंद्रनं मागच्या सीटवर टाकला होता. तो उचलून पुन्हा तिच्या तोंडावर हलवायला लागला. आता त्याची गरज नव्हती, पण तिनं हलवू दिलं.

मांडवात शारदाबाईंनी तिला बघितलं आणि हातातली अक्षतांची परात खाली ठेवली. "अगं, सकाळी फोनवर तर म्हणाली झकास झालं! आणि हे काय? तोंड असं अन् मान तशी?" मान धुवायची राहिली होती. हनुवटीच्या वर चित्रा, खाली सोनेरी लग्नघर.

"आई, करा दे," चित्रा म्हणाली.

ती देवयानीच्या मागे उभी राहिली. पार्लरवाल्या दीदीनं देवयानीवर सहा तास काम केलं होतं. नाक बारीक झालं होतं, डोळे वाढले होते, रंग दोन पिढ्यांनी उजळला होता. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, आणि नवरदेव सार्थक हार उंचावून थांबला. त्याची नजर गोंधळून इकडेतिकडे फिरली आणि मागच्या चित्रावर स्थिरावली. तेवढंच तोंड त्याच्या ओळखीचं होतं. चित्रानं मान हलवली. हो, हीच. टाक हार. तेव्हा त्यानं टाकला.

"ताई, मना किया था ना," देवयानी ओठ न हलवता म्हणाली.

"नंतर सांगते."

फोटोग्राफर शिशिर भैया स्टूलवर चढून ओरडत होते, "करवली दीदी, स्माइल!" चारपासून उठलेली चित्रा कऱ्याच्या वजनानं पुढे झुकत होती. सप्तपदीत तिला पहिली जांभई आली. साडेचारला ती गाडीत बसली. साडेपाचला पोर्चमध्ये तिचा चेहरा पहिल्या झटक्यात लागला. रामकृष्णनं उभं राहून सलाम केला.

सहा दिवसांनी शिशिर भैयांची लिंक आली. आता अल्बमच्या आधी हे असतं. चार हजार फोटो, शोधत बसायला नको. आपला एक सेल्फी टाकायचा, आपले सगळे फोटो बाहेर येतात.

पहिला फोन भिलाईच्या सासरहून, देवयानीचा. आवाज रडवेला.

"ताई, मेरा एक भी नहीं आ रहा! मेरी शादी है और मेरे ज़ीरो फोटो!"

"परत टाक."

"दस बार डाला! सार्थक के आ गए, हलवाई के भी आ गए, बस मैं ही नहीं हूं. सासूमां का भी ज़ीरो, और पुणेवाली मावशी के नाम से किसी घोड़ेवाले के आ रहे हैं."

चित्रा जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डबा उघडून बसली होती. तिनं तिथेच मोबाइल वर करून सेल्फी काढला, टाकला. गोल फिरला, थांबला.

सहाशे अकरा फोटो.

ती खाली सरकवत गेली. अंतरपाट, हार, होम, सप्तपदी. प्रत्येकात ती. काळी वर्तुळं, पडलेले खांदे, सोनेरी मान. एकावन्न फोटोंत जांभई. आणि प्रत्येकात तिच्या पुढे, नाक बारीक आणि डोळे मोठे, देवयानी.

"देवू," चित्रा म्हणाली, "माझा फोटो टाक. तुझे निघतील."

पलीकडे मोबाइलची खुडबुड ऐकू आली. मग एक किंकाळी. "ताईऽऽ! सब आ गए!"

संध्याकाळपर्यंत घरच्या ग्रुपवर सूचना पडली: नवरीचे फोटो बघायचे असतील त्यांनी चित्राताईचा फोटो टाकावा. सोबत तो सेल्फी, डब्यातल्या भेंडीसकट. अकोल्याच्या आत्यांनी टाकला, नागपूरच्या काकांनी टाकला, पुण्याच्या मावशीनंही टाकला. कधी न भेटलेली माणसं तिचं दमलेलं तोंड मोबाइलमध्ये साठवून देवयानीला शोधत बसली.

सातला शारदाबाईंचा फोन आला.

"अगं, इथं सगळे विचारून राहिले तुह्याबद्दल. बरी आहे ना म्हणून. ताप किती सांगू या वेळेस?"

चित्रानं जांभई दिली, मोठी, तोंडावर हात न ठेवता.

"ताप नको सांगू, आई," ती म्हणाली. "ऑफिस होतं म्हणून सांग."