अजून एक चक्कर

विमान सुटल्यापासून माझ्या लेकीनं भोकाड पसरलं होतं. मीच तिला चिमटे काढतेय अशा नजरेनं सगळे बघत होते. "एवढ्याशा पोरांना घेऊन निघायचंच कशाला?" शेजारच्या काकू फणकारल्या.

विमान उतरायला लागलं आणि नेमकी तेव्हाच ती माझ्या खांद्यावर झोपली. हवाईसुंदरी चवड्यांवर पळत पायलटकडे गेली.

स्पीकरवरून तो कुजबुजला, "झोपली म्हणे. माझीही दोन आहेत घरी, मला कळतं. उतरलो तर दणक्यानं उठेल. अजून एक चक्कर मारू?"

सगळ्या विमानानं हात वर केले.

"अहो, पण खाली हिचा बाबा ताटकळतोय!" मी म्हणाले.

काकूंनी डोळे वटारले. "हळू बोला! आई आहात की कोण?"