हळदीच्या बोटाने माझं तोंड पुसलं

बोलतोय तो मी, गिरिजम्मांच्या डाव्या मनगटावरचं स्मार्ट घड्याळ. 'स्मार्ट' हे खोक्यावर छापूनच आलं होतं, मी काही ते कमावलेलं नाही.

गिरिजम्मांची साखर वाढली. डॉक्टरांनी बजावलं, "दोन महिने नेमाने चाला, नाहीतर रोज सुई." सुईच्या नावानेच बाई पांढऱ्याफटक पडल्या. म्हणून त्यांच्या मुलाने, प्रसन्नने, मला आणलं आणि माझ्यात ध्येय भरलं, रोज सकाळी पायऱ्यांनी म्हैसूरच्या चामुंडी डोंगराचा माथा.

मग माझा तोरा काय विचारता! त्या जरा चढल्या की मी थरथरून दाखवायचो, 'अजून नव्वद टक्के बाकी.' मला वाटायचं, याने हुरूप येतो. गिरिजम्मा माझ्याकडे बघायच्या, मग माथ्याकडे, आणि मटकन बसायच्या.

"जीव गेला माझा," म्हणायच्या. धडधड तर बेताचीच होती, मला कळत होती. पण एवढा शहाणा मी, मला कोडं काही सुटेना.

एका शुक्रवारी शेजारच्या लिंगम्मा हळदकुंकवाच्या वाट्या घेऊन डोंगराच्या पायथ्याशी आल्या. नात सुखरूप बाळंत झाली होती आणि नवस फेडायचा होता. आमच्याकडे तो प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावत फेडतात.

"अक्का, मला नाही जमायचं. हे बघा, हेही तेच सांगतंय," गिरिजम्मांनी मला पुढे केलं.

"त्याला काय विचारतेस? ते कधी पायरी चढलंय? आणि तुला डोंगर चढ कोण म्हणतंय, गिरिजा? एवढी एक पायरी लाव. मग बघू."

गिरिजम्मा वाकल्या. हळद, कुंकू, पुढची पायरी. वाकायचं, उठायचं, चढायचं. मेहनत दुप्पट, धडधड वाढलेली, आणि बाई सून सांबार कसं करते त्याची नक्कल करून हसतायत! मी घाबरून थरथरलो, 'विश्रांती घ्या.' त्यांनी हळदीच्या बोटाने माझं तोंड पुसलं. तोंड हळदीने माखल्यावर पुढचं मी नुसतं ऐकलं.

"अगंबाई, अर्ध्याहून वरचा तो दगडी नंदी आला?"

"नंदी जागचा हलत नाही गं. तूच आलीस."

त्या दिवशी त्या माथ्यापर्यंत गेल्या. घरी येऊन मुलाला म्हणाल्या, "यातला डोंगर काढून टाक." तेव्हापासून त्या रोज जातात, वाटी नसली तरी समोरच्या पायरीशीच बोलत.

परवा तपासणी झाली. सुई टळली. प्रसन्न सगळ्यांना सांगत सुटलाय, "घड्याळाची कमाल." गिरिजम्मा नुसत्या माझ्याकडे बघून हसतात, आणि मला तोंड लपवायला जागा नाही.

तुमच्या मनगटावर माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याच्यात डोंगर भरू नका, पायरी भरा. तरीही त्याने शहाणपणा केलाच, तर घरात हळद असेलच.