खायचा सोडा आणि देवचाराची बाटली

"रसायनशास्त्रात नापास कुठल्या भाषेतून व्हायचं, तेवढं तरी सरकारने एकदाचं ठरवावं," सुप्रिया माझ्या कानाशी पुटपुटली.

कोकणी-मराठीच्या वादात त्या वर्षी आमच्या सर्वण गावात भावाभावांचं बोलणं बंद होतं. माझ्या लेकीचे मार्क मात्र दोन्हीकडून सारखेच कमी. तिला शिकवायला मीच पुस्तक घेऊन बसले. माझी शाळा सातवीत सुटली, पण लिंबू, चुना, सोडा यांच्याशी ओळख जुनी.

प्रश्न होता: सोडा घालून घरातलं आम्ल ओळखा. आम्ही वाट्या मांडल्या. लिंबाच्या रसाला फेस आला, चुन्याच्या निवळीला नाही.

तेवढ्यात हे काजूच्या दारूभट्टीवरून आले. हातात फेणीची बाटली.

"ही पण घाल गो. शुद्ध माल. हिला काही होणार नाही."

"बाबा, पुस्तकात फेणी नाही."

"मग पुस्तक गोव्याबाहेरचं."

मी सुप्रियाकडे पाहिलं, तिने छताकडे. गेल्या पावसाळ्यात हे तापाने पडले, तेव्हापासून घरात भात करपला तरी हे शांत. काजूचा रस आंबून तयार झाला की नाही ते यांना वासावरून कळायचं. आता तो आंबट होऊन जातो तरी हे भट्टी पेटवत नाहीत. मग उशिरा गाळलेली बाटली हलवतात, बुडबुडे बघतात आणि खूश होतात. शेजारचा दत्ताराम तोंडावर "फर्मास!" म्हणतो आणि घरी व्हिनेगर म्हणून बांगड्याच्या मसाल्यात घालतो. त्याच्या बायकोनेच मला सांगितलं, वर आणखी एक बाटली मागितली.

आणि हंगामाची बाजूला ठेवलेली पहिली बाटली उद्या गावाच्या राखणदाराला, देवचाराला. मग प्रसाद म्हणून गावातल्या प्रत्येक पुरुषाला घोट. देवचार काही बोलत नाही. गाव बोलतं.

"आधी जेवून घ्या," मी म्हटलं.

"जेवण कुठं पळतंय?" यांनी स्वतःच वाटीत फेणी ओतली, वर चमचाभर सोडा टाकला.

फस्स करून फेस वर आला.

"बघ! फेस बघ कसला!" काही होणार नाही म्हणालेलं विसरून हे हरखले.

"बाबा," सुप्रिया हळूच म्हणाली, "लिंबालापण असाच आला."

यांनी लिंबाची वाटी उचलून नाकाशी धरली. मग फेणीची. मग परत लिंबाची. दोन्ही वाट्या अगदी जपून खाली ठेवल्या.

"कुसुम," हे म्हणाले, "तापापासून मला वासच येत नाही गो."