खुर्चीवरचा कोट

आमच्या कैरोत सरकारी माणूस दोन वाजेपर्यंत सरकारचा असतो आणि त्यानंतर महागाईचा. मी सकाळी शुब्रा भागातल्या सरकारी शाळेत भूगोल शिकवतो, तीनपासून टॅक्सी चालवतो. पूर्वी चार तास चालवायचो. मग पगार वाढला, भाव त्याच्या दुप्पट वाढले, आता आठ तास चालवतो. आणखी एकदा पगार वाढला तर मी मेलोच.

त्यात फर्मान निघालं: ज्याला दुसरं काम, त्याचं स्वस्त रोटीचं कार्ड बंद. दुसरं काम नाही, असा शिक्का गुरुवारपर्यंत आणा. घरात तीन पोरं, पोटं त्या रोटीवरच भरतात. तीन दिवस मधल्या सुट्टीत कचेरीत धावलो. तिन्ही दिवस शिक्केवाल्या अब्दुन्नबीसाहेबांच्या खुर्चीवर नुसता कोट.

"कोट आहे म्हणजे साहेब आहेत," शिपाई म्हणाला. "नमाजाला गेलेत."

"सोमवारपासून?"

"मास्तर, दुसऱ्याचा नमाज मोजू नये."

गुरुवारी शाळा अकरालाच सुटली. कचेरीत पुन्हा नुसता कोट, म्हणून गाडी लवकर काढली. एक गृहस्थ बसले, अंगात नुसता सदरा, मांडीवर पडद्यांच्या नमुन्यांची पिशवी. फोनवर म्हणाले, "हो, अब्दुन्नबीच बोलतोय. छे, कचेरीतच आहे!"

मी गाडी कडेला घेतली आणि अर्ज पुढे केला. त्यांनी चष्मा चढवला.

"दुसरं काही काम करता?"

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. "नाही, साहेब."

"शाबास. पण शिक्का कोटाच्या खिशात राहिला."

"मग चला, फुकट नेतो. आज शेवटचा दिवस आहे हो!"

"वेड लागलंय का, मास्तर? मी कचेरीत आहे. आत शिरताना कुणी पाहिलं तर विचारणार नाहीत, बाहेर कधी गेलात म्हणून?"

मी त्यांना पडद्यांच्या गिऱ्हाइकाकडे सोडलं.

आठवड्यानं पत्र आलं: 'अर्जदार मुदतीत हजर राहिला नाही, यावरून त्यास अन्य काम असल्याचे दिसते. कार्ड रद्द.' खाली अब्दुन्नबीसाहेबांचा ठसठशीत शिक्का. वाचून अंगाचा तिळपापड झाला, पण रोटी बाजारभावानं आणावीच लागली. आठाचे दहा तास झाले.

तीननंतर दहा तास म्हणजे रात्रीचा एक, झोपेला काही उरत नाही. म्हणून दोन तास सकाळी काढतो. मुख्याध्यापक वर्गात डोकावले की माझी गुणी पोरं एका सुरात सांगतात, "वजीहसर आहेत ना! हा काय त्यांचा कोट."