अकराच्या अकरा पास

शुक्रवार पेठेतल्या सुईणींच्या वर्गाचा निकाल लागला आणि अकराच्या अकरा जणी पास झाल्या. होणारच. वर्ग माझा, प्रश्न माझे, तपासायलाही मीच. वर्ग चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीस रुद्रप्पा तर इतके हरखले, की तिथल्या तिथे वैराग गावीही असाच वर्ग काढायचं ठरवून मोकळे झाले.

"हेमावतीबाई, सोमवारी अहवाल द्या. निकाल शेकडा शंभर, हे तेवढं ठळक लिहा."

लिहायला बसले आणि हात अडला. वर्ग काढला होता तो पेठेतली तान्ही मुलं धनुर्वातानं जात होती म्हणून. घाणेरड्या विळ्यानं नाळ कापायची, आणि सातव्या-आठव्या दिवशी मुलाचा जबडा मिटायचा. ते थांबलं का, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

मग चैत्राच्या उन्हात चार दिवस हिंडले. वर्ग संपून निकाल लागेपर्यंतच्या तीन महिन्यांत या अकरा जणींनी केलेली बाळंतपणं बत्तीस. प्रत्येक दारात एकच प्रश्न केला, बाळ कुठं आहे? चार घरांत बायांनी नुसता पदर डोळ्यांना लावला; चारही मुलं धनुर्वातानंच गेली होती. आदल्या वर्षी याच दिवसांत पाच मुलं गेली होती. म्हणजे माझ्या वर्गानं काहीच केलं नव्हतं.

संतापानं माझं डोकं फिरलं. तशीच मायाक्काला बोलावून घेतलं. धनगरवाड्यातली ही सुईण वर्गात सगळ्यांत हुशार. त्या चारांतलं बजाबाईच्या सुनेचं बाळ परवाच गेलं, तिची सुईणही हीच.

"कात्री किती वेळ उकळायची?"

"इस मिंटं. झाकान ठिवून," मायाक्का धडाधड म्हणाली.

"बजाबाईकडे उकळलीस?"

"न्हाय."

"का नाही?"

"कुटं उकळू, बाई? सैपाकाच्या चुलीवर बाळंतपणाची कात्री? विटाळ न्हाय व्हय हुत? बजाबाई उंबऱ्यात तरी उभी करंल का मला?"

"मग हे वर्गात का नाही बोललीस?"

"तुमी इचारलंच न्हाय. अन् हितं तुमचा इस्टो हुता की."

माझ्या रागातली हवाच गेली. आमच्या लिंगायताच्या घरात बाळंतिणीचा विटाळ धरत नाहीत, आमच्या चुलीवर काहीही उकळतं. सगळ्या गावाची चूल तशीच असणार असं धरून मी सहा महिने पितळी स्टोव्ह पेटवून शिकवत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता कसं करायचं, तूच सांग," मी म्हटलं. असा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारत होते.

"बाळंतिणीच्या अंगुळीचं पानी परसात येगळ्या चुलीवर तापिवत्यात. पर ती पेटिवत्यात प्वार झाल्यावर. ती आदी पेटवाय लावायची. तिच्यावर कात्री ठिवली तर कोन काय म्हननार?"

सोमवारी मी अहवालात गेलेली चार मुलं लिहिली. कारण लिहिलं आणि चूक शिकवणारीची, असंही लिहिलं. रुद्रप्पांनी तो दोनदा वाचला.

"अहो, हे वाचून मंडळ वर्ग बंद करील. तुमची जागाही जाईल."

"जाऊ दे. पण हाच वर्ग वैरागला नेलात, तर तिथंही सगळ्या पास होतील आणि मुलं मरत राहतील. मला तीन महिने द्या. तेव्हा मुलं मोजून निकाल सांगते."

"आणि तोवर?"

"तोवर कुणी पास नाही."

अकरा जणींची सर्टिफिकेटं मी परत मागून घेतली. शिव्याशाप मिळाले. मायाक्कानं तर तिचं देवाजवळ ठेवलं होतं, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण आणून दिलं. स्टोव्ह मी माळ्यावर टाकला आणि अंगणात तीन दगड मांडून वर्ग पहिल्यापासून सुरू केला.

अंबुबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा मी मुद्दाम मायाक्काबरोबर गेले आणि परसात बाजूला उभी राहिले.

"प्वार अजून प्वाटात, अन् आत्ताच चूल कशापायी?" अंबुबाई खेकसली.

"पेटली की आत येते," म्हणत मायाक्का चुलीपाशी फतकल मारून बसली. आतून सून ओरडत होती. अंबुबाईनं माझ्याकडे बघितलं, मी तोंड उघडलं नाही. शेवटी तिनं स्वतःच गोवऱ्या आणल्या.

तीन महिन्यांत एकोणतीस बाळंतपणं झाली. एक मूल दिवस भरायच्या आधीच झालं, ते दुसऱ्या दिवशी गेलं. धनुर्वातानं एकही गेलं नाही. रुद्रप्पांनी कागद दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "वैरागची तयारी करा."

वैरागला निघायच्या सकाळी मी पेटी भरत होते, तर दारात बजाबाई. परसातल्या चुलीवर कात्री उकळली आणि अंबुबाईचा नातू जगला, हे तिच्या कानावर गेलं होतं.

"बाई, ही परसातली चूल आमच्या घरीबी हुती की वो. आमच्या टायमाला का न्हाय?"

काहीतरी समजूत काढता आली असती. तिच्या डोळ्यांकडे बघून ते जमेना.

"तुमच्या घरी कसं चालतं, ते मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नाही."

ती डोळे पुसून म्हणाली, "तितं तरी इचारा."